मुलांना भारतात येणं अवघड, आई-बाबांना तिकडे जाणंही सोपं नाही. अमेरिकेतल्या भेटीगाठींचं गणित का बदललं?

मुलगा किंवा मुलगी डिसेंबरच्या सुट्टीत घरी येणार आणि एप्रिल-मे उजाडला की आई-बाबा सहा महिन्यांसाठी अमेरिकेला जाणार. पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर अशा शहरांतल्या कितीतरी घरांमध्ये गेली दोन-तीन दशकं हे वेळापत्रक जवळपास ठरलेलं होतं. २०२५ मध्ये या वेळापत्रकाच्या दोन्ही बाजू विस्कटल्या.

एच-१बी व्हिसावर काम करणारी मुलं भारतात यायला कचरू लागली. त्याच वर्षी आई-बाबांच्या पर्यटक व्हिसाचे नियमही कडक झाले. जानेवारी २०२६ पासून तर ग्रँड कॅन्यन किंवा यलोस्टोन दाखवायला नेलं, तरी पाहुण्यांसाठी वेगळं शुल्क आहे.

यातला एकेक बदल सुटा पाहिला तर तो किरकोळ वाटू शकतो. एकत्र पाहिल्यावर मात्र एक गोष्ट लक्षात येते. दूरच्या कुटुंबाने एकमेकांना भेटण्याची जबाबदारी तिशी-चाळिशीतल्या मुलांकडून सरकून पासष्टी-सत्तरीतल्या आई-वडिलांवर आली आहे आणि नेमकी त्याच वयासाठी ही वाट अवघड झाली आहे.

मुलं भारतात यायला का घाबरतात?

एच-१बी हा अमेरिकेतला कुशल कर्मचाऱ्यांसाठीचा तात्पुरता व्हिसा. मंजूर होणाऱ्या एच-१बी अर्जांमध्ये भारतात जन्मलेल्यांचा वाटा ७० टक्क्यांच्या आसपास असतो. त्यामुळे या व्हिसाच्या नियमात काहीही बदललं की त्याचा सर्वाधिक परिणाम भारतीय कुटुंबांवर होतो.

इथे एक तांत्रिक बाब समजून घ्यायला हवी. अमेरिकेत राहून काम करण्याची परवानगी आणि पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवानगीची मुदत अमेरिकेत बसून वाढवता येते. शिक्क्याची मुदत संपलेली असेल, तर देशाबाहेर गेलेल्या व्यक्तीला परत येण्यापूर्वी साधारणपणे नवा शिक्का घ्यावा लागतो. यालाच 'स्टॅम्पिंग' म्हणतात. म्हणजे शिक्का संपलेला असताना मुलगा दहा दिवसांसाठी पुण्यात आला, तर परत जाण्यासाठी त्याला इथे अपॉइंटमेंट मिळायला हवी.

पूर्वी यावर दोन उपाय होते. मुलाखतीशिवाय कागदपत्रं जमा करून व्हिसा नव्याने मिळवणं हा एक. तिसऱ्या देशात जाऊन मुलाखत देणं हा दुसरा. सप्टेंबर २०२५ पासून हे दोन्ही मार्ग बहुतेकांसाठी बंद झाले. एच-१बी धारकांना मुलाखतीतून मिळणारी सूट गेली. शिवाय अर्जदाराने आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच मुलाखत द्यावी, असा नियम आला.

त्याच महिन्याच्या १९ तारखेला राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलर शुल्काचा आदेश काढला. आधीपासून अमेरिकेत असलेल्यांच्या मुदतवाढीला तो लागू नाही, असं नंतर स्पष्ट करण्यात आलं. पण पहिले एक-दोन दिवस भारतात सुट्टीवर आलेल्या अनेकांनी मिळेल त्या विमानाने परतण्याची धडपड केली.

पुढे १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या एच-४ अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरील खात्यांची तपासणी सुरू झाली. परिणामी डिसेंबरमधल्या अनेक अपॉइंटमेंट थेट मार्च २०२६ किंवा त्याही पुढे ढकलल्या गेल्या. लग्नासाठी, सुट्टीसाठी आलेली मंडळी भारतात अडकली. नोकरी तिकडे, घराचे हप्ते तिकडे, मुलांची शाळा तिकडे आणि आपण इथे, अशी ही अवस्था होती.

त्यामुळे ज्यांच्या पासपोर्टवरचा शिक्का संपला आहे, ते आता साध्या सुट्टीसाठी येण्याचा धोका पत्करत नाहीत. अशा वेळी भेटीचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे आई-बाबांनी तिकडे जाणं.

आई-बाबांच्या व्हिसात नेमकं काय बदललं?

मुलांकडे जाणारे आई-वडील बी-१/बी-२ हा पर्यटक व्हिसा घेतात. भारतीयांना तो बहुतेक वेळा दहा वर्षांसाठी मिळतो. अर्जाचं शुल्क जून २०२३ पासून १८५ डॉलर आहे आणि व्हिसा नाकारला तर ते परत मिळत नाही.

करोनानंतर या व्हिसाची रांग कमालीची वाढली. २०२२ च्या अखेरीस मुंबईत पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्यांना मुलाखतीसाठी सुमारे हजार दिवस थांबावं लागेल, असं अमेरिकी परराष्ट्र खात्याच्याच संकेतस्थळावर दिसत होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये खुद्द अमेरिकी दूतावासाने भारतीयांना बँकॉकमध्ये मुलाखत देण्याचा पर्याय सुचवला होता. त्यानंतर कर्मचारी वाढवण्यात आले, रांग कमीही झाली. पण आज तसा सल्ला देता येणार नाही. भारतात राहणाऱ्या भारतीयाने भारतातच मुलाखत द्यायची, हा नियम पर्यटक व्हिसालाही लागू आहे.

ज्येष्ठांसाठी सर्वांत महत्त्वाचा बदल मुलाखतीच्या सवलतीतला आहे. पूर्वी १४ वर्षांखालची मुलं आणि ७९ वर्षांवरील ज्येष्ठ यांना साधारणपणे मुलाखतीला जावं लागत नसे. २ सप्टेंबर २०२५ पासून केवळ वयामुळे मिळणारी ही सूट संपली. त्यामुळे ८२ वर्षांच्या आजींनाही आता सुरक्षा तपासणीच्या रांगेतून जाऊन खिडकीसमोर उभं राहावं लागू शकतं.

एक सवलत मात्र उरली आहे. आधीचा पर्यटक व्हिसा पूर्ण मुदतीचा असेल, त्याची मुदत संपून १२ महिन्यांहून अधिक काळ झालेला नसेल आणि तो मिळाला तेव्हा अर्जदाराचं वय किमान १८ असेल, तर मुलाखतीशिवाय नूतनीकरण होऊ शकतं. फेब्रुवारी २०२५ पर्यंत १२ महिन्यांऐवजी ४८ महिन्यांची मुभा होती. 'व्हिसा संपला तरी चार वर्षांत कधीही करू' असं गृहीत धरणाऱ्यांची त्यामुळे अडचण झाली. सवलतीत बसत असूनही अधिकारी मुलाखतीला बोलावू शकतात, हेही लक्षात ठेवायला हवं.

याशिवाय ४ जुलै २०२५ रोजी मंजूर झालेल्या अमेरिकी कायद्यात 'व्हिसा इंटेग्रिटी फी' या नावाने किमान २५० डॉलरच्या अतिरिक्त शुल्काची तरतूद आहे. अर्ज भरण्याआधी ते लागू झालं आहे का, हे दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहून घेणं शहाणपणाचं. दोघांचा खर्च काढताना ५०० डॉलरचा फरक पडतो.

मुलाखतीत नकार का मिळतो?

अमेरिकी इमिग्रेशन कायद्याच्या २१४(बी) या कलमानुसार, पर्यटक व्हिसा मागणारी व्यक्ती तिथेच स्थायिक होण्याच्या इराद्याने येत आहे, असं अधिकाऱ्याने आधी गृहीत धरायचं असतं. तसं नाही, हे अर्जदाराने पटवून द्यायचं. म्हणजे आरोपीने निर्दोषत्व सिद्ध करावं, तसा हा प्रकार. नकाराविरुद्ध अपील नाही. शुल्क भरून पुन्हा अर्ज करता येतो, इतकंच.

आई-बाबांच्या बाबतीत इथे एक पेच आहे. त्यांच्या प्रवासाचं कारणच मुळात 'मुलं तिकडे आहेत' हे असतं आणि अधिकाऱ्याच्या लेखी तिकडे राहून जाण्याचंही तेच सर्वांत मोठं कारण ठरू शकतं. एकुलता एक मुलगा अमेरिकेत, दोघंही निवृत्त, इथे मागे कोणी नाही, अशा जोडप्याला परत येण्याची कारणं सांगता यायला हवीत. घर, पेन्शन, शेती, दुसरं अपत्य, आधीच्या परदेश प्रवासानंतर वेळेत परतल्याची नोंद या गोष्टी इथे उपयोगी पडतात.

मुलाखत दोन-तीन मिनिटांतच संपते. कुठे जाणार, कोणाकडे, तो काय काम करतो, किती दिवस राहणार, खर्च कोण करणार, असे साधे प्रश्न असतात. उत्तरं मात्र ऑनलाइन भरलेल्या डीएस-१६० अर्जाशी जुळावी लागतात. अनेकदा हा अर्ज मुलगा रात्री जागून अमेरिकेतून भरतो आणि त्यात काय लिहिलंय हे आई-बाबांना माहीतच नसतं. मुलाच्या कंपनीचं नाव किंवा राहण्याचा कालावधी चुकीचा सांगितला गेला, तर शंका तिथूनच सुरू होते.

मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाच्या कार्यक्षेत्रात महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड येतात. तिथे मराठीतही मुलाखत देता येते. तोडक्या इंग्रजीत उत्तर देण्याची सक्ती नाही. तरीही 'इंग्रजी येत नाही म्हणून नाकारतील' या भीतीने पाठ केलेली वाक्यं म्हणण्याचा प्रयत्न अनेकजण करतात.

'फिरायला' की 'मदतीला'?

कागदावर हा पर्यटनाचा व्हिसा असला, तरी बहुतेक आई-बाबांचा पहिला प्रवास नायगारा पाहण्यासाठी नसतो. तो सुनेच्या किंवा मुलीच्या बाळंतपणासाठी असतो.

यामागे अमेरिकेतलं सुट्ट्यांचं धोरण आहे. भारतात २०१७ च्या दुरुस्तीनंतर संघटित क्षेत्रातल्या नोकरदार महिलेला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते. अमेरिकेत संपूर्ण देशाला लागू होणारी पगारी प्रसूती रजा नाही. १९९३ च्या 'फॅमिली अँड मेडिकल लीव्ह अ‍ॅक्ट'नुसार पात्र कर्मचाऱ्यांना १२ आठवड्यांची रजा मिळते, पण ती बिनपगारी. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यू यॉर्क यांसारख्या काही राज्यांनी पगारी रजेच्या योजना केल्या आहेत आणि मोठ्या कंपन्या स्वतःहून रजा देतात. तरीही तीन-चार महिन्यांच्या बाळाला कोणी सांभाळायचं, हा प्रश्न उरतोच. पाळणाघरं महाग असतात आणि अनेक ठिकाणी प्रतीक्षायादी असते. मग आधी एका बाजूचे आजी-आजोबा सहा महिने, नंतर दुसऱ्या बाजूचे सहा महिने, अशी पाळी लावली जाते.

नातवंडांसोबत राहणं, त्यांना खेळवणं यात नियमबाह्य काही नाही. पण पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही आणि 'बाळ सांभाळायला चाललोय' हे वाक्य मुलाखतीत किंवा विमानतळावर ऐकलं, की अधिकारी ते कामाच्या चष्म्यातून पाहू शकतो. ब्रिटनच्या नियमावलीत याबाबत अधिक स्पष्टता आहे. नातेवाइकाने अल्पकाळाच्या भेटीत मुलांकडे लक्ष दिलं तर चालतं, ती नोकरी ठरता कामा नये, असं तिथे म्हटलेलं आहे. अमेरिकेत ही रेषा बरीचशी समोरच्या अधिकाऱ्याच्या आकलनावर अवलंबून राहते. खोटं बोलणं हा त्यावरचा उपाय नाही. चुकीची माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर प्रवेशावर कायमची बंदी येऊ शकते.

सहा महिने मिळतात म्हणजे नक्की काय?

दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षं राहण्याची परवानगी नव्हे. प्रत्येक वेळी विमानतळावरचा अधिकारी किती दिवस राहता येईल ते ठरवतो. ही तारीख 'आय-९४' या नोंदीत असते आणि ती ऑनलाइन पाहता येते. साधारणपणे सहा महिने मिळतात, पण तो हक्क नाही. पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यातच ही तारीख तपासायला हवी, कारण परतीचं तिकीट तिच्या आतलंच लागतं.

या तारखेनंतर १८० दिवसांहून अधिक काळ बेकायदा राहून मग देश सोडला तर तीन वर्षं, आणि एक वर्ष किंवा अधिक काळ राहिल्यास दहा वर्षं पुन्हा प्रवेश मिळत नाही. आजारपणासारख्या कारणासाठी मुदतवाढ मागता येते, पण तिचा अर्ज मूळ मुदत संपण्याआधी करावा लागतो.

अमेरिकेत सलग सहा महिने राहून दोन महिन्यांत पुन्हा परतणाऱ्यांना 'तुम्ही इथेच राहता का?' हा प्रश्न हमखास विचारला जातो. दरवर्षी जाणाऱ्या आई-बाबांनी दोन भेटींमध्ये पुरेसं अंतर ठेवलेलं बरं.

मग ग्रीन कार्डच का काढत नाहीत?

हा प्रश्न गावाकडचे नातेवाईक नेहमी विचारतात. आई-वडिलांसाठी ग्रीन कार्डचा अर्ज फक्त २१ वर्षांवरील अमेरिकी नागरिक करू शकतो. नागरिकांच्या आई-वडिलांना वार्षिक संख्येची मर्यादाही नाही. मात्र एच-१बी धारकाला हा अर्ज करता येत नाही आणि स्वतः ग्रीन कार्ड असलेल्यालाही नाही.

भारतात जन्मलेल्यांसाठी अडचण इथेच आहे. रोजगारावर आधारित ग्रीन कार्डांमध्ये कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्क्यांची मर्यादा आहे. अर्जदार प्रचंड असल्याने भारतीयांची रांग अनेक वर्षांची, काही गटांत दशकांची झाली आहे. ग्रीन कार्ड मिळाल्यावर नागरिकत्वासाठी सहसा आणखी पाच वर्षं लागतात. पस्तिशीत अमेरिकेत गेलेला मुलगा नागरिक होईपर्यंत वडील ऐंशीला टेकलेले असू शकतात.

शिवाय ग्रीन कार्ड घेतल्यावर अमेरिका हेच कायमचं घर असणं अपेक्षित असतं. वर्षातले आठ महिने पुण्यात, चार महिने तिकडे, असं चालत नाही. अनेक आई-बाबांना नेमकं तसंच राहायचं असतं. त्यामुळे नागरिक झालेल्या मुलांचे पालकही पर्यटक व्हिसाच पसंत करतात.

सर्वांत मोठा धोका कोणता?

व्हिसा मिळाल्यावर बहुतेक घरांत काळजी संपते. खरं तर आर्थिकदृष्ट्या सर्वांत मोठा धोका तिथून पुढे सुरू होतो. तो म्हणजे आजारपण.

अमेरिकेत पर्यटकाला सरकारी आरोग्य विमा मिळत नाही. ६५ वर्षांवरील लोकांसाठीची 'मेडिकेअर' योजनाही त्यांना लागू नाही. १९८६ च्या कायद्यानुसार मेडिकेअरशी जोडलेल्या रुग्णालयांना तातडीच्या रुग्णाला प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार नाकारता येत नाहीत. पण उपचार नाकारता येत नाहीत म्हणजे ते मोफत असतात, असं नाही. बिल येतंच आणि काही दिवसांच्या अतिदक्षता उपचारांचं बिल आयुष्यभराच्या बचतीएवढं असू शकतं.

पर्यटक व्हिसासाठी अमेरिका विम्याची सक्ती करत नाही. त्यामुळे तो न घेण्याचा किंवा सर्वांत स्वस्त घेण्याचा मोह होतो. विमा घेताना तीन गोष्टी पाहायला हव्यात.

पहिली, विम्याचा प्रकार. काही योजना प्रत्येक उपचारासाठी ठरावीक रक्कम देतात. बिल कितीही आलं तरी. काही योजना एका मर्यादेपर्यंत प्रत्यक्ष बिलाचा मोठा हिस्सा भरतात. पहिल्या स्वस्त असतात, पण अमेरिकेतल्या दरांपुढे त्यांची रक्कम फार तोकडी पडते.

दुसरी, आधीपासूनचे आजार. साठी-सत्तरीत मधुमेह किंवा रक्तदाब नाही, असं क्वचितच असतं. बहुतेक योजना जुन्या आजाराचे नियमित उपचार वगळतात. काही योजना अशा आजाराने अचानक उसळी घेतली तर मर्यादित संरक्षण देतात. मधुमेह असलेल्या वडिलांना हृदयविकाराचा झटका आला, तर कंपनी त्याकडे कसं पाहील, हे आधी लेखी विचारून घ्यावं.

तिसरी, वयानुसार कमी होणारी मर्यादा. सत्तरीनंतर आणि ऐंशीनंतर अनेक योजनांमध्ये कमाल रक्कम झपाट्याने खाली येते. मुखपृष्ठावरच्या आकड्यावर न जाता त्या वयोगटासाठीचा आकडा पाहायला हवा.

औषधांचंही असंच. अमेरिकेत सोबत नेण्यासाठी साधारण ९० दिवसांचा साठा हा सर्वसाधारण निकष आहे. सहा महिने राहणाऱ्यांनी उरलेल्या तीन महिन्यांचं काय, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून ठरवायला हवं. औषधं मूळ वेष्टनात आणि प्रिस्क्रिप्शन जेनेरिक नावांसह इंग्रजीत असावं, कारण भारतातली ब्रँडची नावं तिकडच्या डॉक्टरला कळत नाहीत.

फिरणं किती महागलं?

आई-बाबा आल्यावर फिरण्याची यादी ठरलेली असते. पूर्व किनाऱ्यावर नायगारा, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, वॉशिंग्टन आणि आता न्यू जर्सीतल्या रॉबिन्सव्हिलचं अक्षरधाम मंदिर. पश्चिमेला ग्रँड कॅन्यन, योसेमिटी, लास वेगास.

१ जानेवारी २०२६ पासून यातल्या पश्चिमेकडच्या यादीचा खर्च वाढला आहे. सर्वाधिक गर्दीच्या ११ राष्ट्रीय उद्यानांमध्ये १६ वर्षांवरील परदेशी पर्यटकांना नेहमीच्या प्रवेश शुल्काशिवाय प्रत्येकी १०० डॉलर द्यावे लागतात. ग्रँड कॅन्यन, योसेमिटी, यलोस्टोन, झायन, ब्राइस कॅन्यन, ग्रँड टीटन, ग्लेशियर, रॉकी माउंटन, सेक्वोया-किंग्ज कॅन्यन, अकेडिया आणि एव्हरग्लेड्स ही ती उद्यानं. वार्षिक पास अमेरिकेतल्या रहिवाशांसाठी ८० डॉलरला, तर इतरांसाठी २५० डॉलरला आहे. हा २५० डॉलरचा पास असलेल्या पर्यटकाला १०० डॉलरचं जादा शुल्क लागत नाही.

रहिवासी कोण, हे सरकारी ओळखपत्रावरून ठरतं. राज्याचं ड्रायव्हिंग लायसन्सही त्यासाठी चालतं. त्यामुळे एच-१बीवरचा मुलगा उद्यानाच्या दारात 'रहिवासी' ठरतो आणि त्याच गाडीतले आई-बाबा 'परदेशी'. दोघांसाठी एका उद्यानाचे २०० डॉलर जास्तीचे होतात. दोन-तीन उद्यानांचा बेत असेल, तर २५० डॉलरचा पास स्वस्त पडू शकतो. एका पासवर गाडीतल्या किती जणांना प्रवेश आहे, ते निघण्याआधी तपासावं.

परदेशी पर्यटकांना वेगळा दर ही काही अमेरिकेचीच रीत नाही. अजिंठा-वेरूळला भारतीयांना ४० रुपये आणि परदेशी पर्यटकांना ६०० रुपये तिकीट आहे. फरक इतकाच की, मुलाच्या घरी आलेले आई-बाबा स्वतःला पर्यटक समजत नाहीत.

सगळंच महागलेलं नाही. नायगारा हे न्यू यॉर्क राज्याचं उद्यान आहे, त्याला हे शुल्क लागू नाही आणि तिथे पायी प्रवेश मोफत आहे. वॉशिंग्टनमधली स्मिथसोनियन संग्रहालयंही मोफत आहेत.

ज्येष्ठांना फिरवताना पैशांइतकाच विचार शरीराचा हवा. ग्रँड कॅन्यनची दक्षिण कड सुमारे ७ हजार फुटांवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा बरीच उंच. श्वासाचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांना तिथे दम लागू शकतो. स्वातंत्र्यदेवीच्या मुकुटापर्यंत चौथऱ्यापासून १६२ अरुंद पायऱ्या आहेत. बेटावरून पुतळा पाहूनही भेट पूर्ण होते.

शनिवार-रविवार सोडून उरलेल्या दिवसांचं काय?

सहा महिन्यांत साधारण २६ शनिवार-रविवार येतात. त्यातले फिरण्याचे किती, हे मुलांच्या कामावर अवलंबून. उरलेले दिवस आई-बाबा घरात असतात. अमेरिकेतल्या बहुतेक उपनगरांत गाडीशिवाय दुकानही गाठता येत नाही. इथे रोज सकाळी फिरायला जाणारे, भाजी आणणारे, कट्ट्यावर बसणारे वडील तिकडे भाजीसाठीही मुलावर अवलंबून होतात. 'सोन्याचा पिंजरा' हा शब्द मराठी घरांत त्यातूनच रुळला.

यावर महागड्या सहलींपेक्षा रोजची पायी गाठता येणारी जागा अधिक उपयोगी ठरते. सार्वजनिक ग्रंथालयात बसायला, वाचायला पैसे लागत नाहीत. अनेक गावांत ज्येष्ठांसाठी केंद्रं असतात. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेली स्थानिक मराठी मंडळं शहरोशहरी आहेत. गणपती, दिवाळी, नाटकांचे प्रयोग यांच्या तारखा पाहून तिकीट काढलं, तर ओळखी लवकर होतात.

प्रवासही पूर्वीपेक्षा कष्टाचा झाला आहे. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केल्यापासून एअर इंडियाच्या पश्चिमेकडच्या अनेक उड्डाणांना वळसा पडला. दिल्ली-वॉशिंग्टन थेट सेवा कंपनीने १ सप्टेंबर २०२५ पासून थांबवली. थेट विमान नसेल, तर परक्या विमानतळावर उतरून दुसरं विमान पकडणं हे ज्येष्ठांसाठी सर्वांत धास्तीचं काम असतं.

इतर देशांत काय स्थिती आहे?

कॅनडाने आई-वडील आणि आजी-आजोबांसाठी वेगळा 'सुपर व्हिसा' ठेवला आहे. जुलै २०२२ पासून त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. त्यासाठी किमान १ लाख कॅनडियन डॉलरचा आरोग्य विमा लागतो आणि मुलाचं उत्पन्न ठरावीक पातळीच्या वर असावं लागतं. जानेवारी २०२५ पासून परदेशी विमा कंपन्यांच्या पॉलिसीही अटींसह स्वीकारल्या जातात.

ऑस्ट्रेलियात २०१९ पासून तीन किंवा पाच वर्षांचा पालक व्हिसा आहे, मात्र त्याचं शुल्क हजारो डॉलर आहे. न्यूझीलंडने २९ सप्टेंबर २०२५ पासून पाच वर्षांचा 'पॅरेंट बूस्ट' व्हिसा सुरू केला. ब्रिटनमध्ये वेगळा गट नाही. पर्यटक व्हिसावर सहा महिने राहता येतं. तातडीच्या विभागातले उपचार मोफत असले, तरी बहुतेक इतर उपचारांसाठी पाहुण्यांकडून दीडपट दर घेतला जातो. युरोपातल्या शेंगेन देशांत १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं आणि ३० हजार युरोंचा विमा सक्तीचा आहे. तिथे एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नियम सैल झाले. तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून ते नियमानुसार वापरले असतील, तर दोन वर्षांचा आणि पुढे पाच वर्षांचा व्हिसा मिळू शकतो.

कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी 'स्थलांतरिताचे आई-वडील' हा वेगळा गट मान्य केला, त्यांच्याकडून विमा आणि पैसे घेतले आणि बदल्यात दीर्घ वास्तव्य दिलं. मात्र हे व्हिसा तिथले नागरिक किंवा कायमस्वरूपी रहिवासी झालेल्यांच्या पालकांसाठी आहेत. अमेरिकेने आई-बाबांना पर्यटकांच्याच रांगेत ठेवलं आहे.

घरच्यांनी आता काय करावं?

पहिलं काम कपाटातला पासपोर्ट काढून अमेरिकी व्हिसाची अंतिम तारीख पाहण्याचं. ती संपून वर्ष झालेलं नसेल, तर मुलाखतीविना नूतनीकरणाची संधी अजून आहे. वर्ष उलटलं की पुन्हा रांग पहिल्यापासून. पहिल्यांदाच जाणार असाल, तर बाळंतपणाची किंवा पदवीदान समारंभाची तारीख ठरण्याची वाट न पाहता अर्ज करावा. देशातल्या पाचपैकी कोणत्याही केंद्रावर अपॉइंटमेंट घेता येते. मुंबईत तारीख नसेल तर दिल्ली, हैदराबाद, चेन्नई आणि कोलकाताही पाहावं.

मुलाने भरलेला अर्ज आई-बाबांनी स्वतः वाचावा. विमा तिकिटाबरोबरच घ्यावा. आणि वडिलांचं वय ७२ असेल, तर पुढचा दहा वर्षांचा व्हिसा ते ८२ चे होईपर्यंत चालेल, हे लक्षात ठेवून लांबचे प्रवास पहिल्या काही वर्षांत उरकावेत.